विल्यम हॉय यांचे नाव मतपत्रिकेवर यावे : कूपर्सटाउनच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय सदस्य,
ऐतिहासिक आढावा समिती आणि क्लासिक बेसबॉल एरा समिती,
राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेम आणि संग्रहालय,
कूपर्सटाउन, न्यूयॉर्क.

विषय : बेसबॉलमधले सेंटर फील्डर, म्हणजे मागच्या मैदानाच्या मध्यभागचे क्षेत्ररक्षक, विल्यम एल्सवर्थ हॉय (१८६२–१९६१) यांच्या नावाचा विचार होण्याबाबत.

माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

डिसेंबर २०२७ मध्ये आपली निवड बैठक होईल तेव्हा ज्यांची मुख्य कामगिरी १९८० पूर्वीची आहे अशा आठ जणांची नावे मतपत्रिकेवर असतील आणि सोळापैकी किमान बारा सदस्यांची मते ज्याला मिळतील त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या सभागृहात, स्थान मिळेल. त्या आठ नावांत विल्यम हॉय यांचे नाव असावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे प्रसिद्ध करते आहे, कारण हॉय यांची कारकीर्द माझ्या भाषेतल्या वाचकांना जवळजवळ अपरिचित आहे, आणि ज्या मुलांना मी आयुष्यभर शिकवले त्यांच्या घरची माणसे हीच भाषा वाचतात.

मी बेसबॉलची अभ्यासक नाही. सव्वीस वर्षे कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. लेक सिनसिनाटीला नोकरी करते, त्यामुळे तिकडे जाणे-येणे असते. तिथल्या रेड्स संघाच्या स्टेडियमला लागून त्यांचे स्वतःचे संग्रहालय आहे आणि त्या क्लबने २००३ मध्ये ज्यांना आपल्या मानकऱ्यांत घेतले त्यांत हॉय आहेत. हा माणूस पूर्ण बहिरा होता आणि तरीही चौदा हंगाम मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या लीगमध्ये, खेळला, हे मी तिथे पहिल्यांदा वाचले. क्रिकेट पाहत वाढलेल्या मला हा खेळ उमजायला त्यानंतर दोन उन्हाळे लागले. ते दोन उन्हाळे आणि त्यामागची सव्वीस वर्षे, एवढ्याच भांडवलावर हे लिहिते आहे.

हॉय यांचा जन्म २३ मे १८६२ रोजी ओहायोतल्या हाउकटाउन या लहानशा गावी झाला. अगदी लहानपणी मेंदूज्वर झाला आणि ऐकू येणे कायमचे बंद झाले. कोलंबस इथल्या ओहायो राज्याच्या कर्णबधिर शाळेत ते शिकले आणि १८७९ मध्ये वर्गात पहिले येऊन बाहेर पडले. पुढे गावी चपला-बूट शिवण्या-दुरुस्त करण्याचे दुकान घातले. उन्हाळ्यात गावकरी अनवाणी हिंडत आणि धंदा मंदावे, तेव्हा दुकानाबाहेर पोरांबरोबर चेंडूफळी चाले. १८८६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावाच्या व्यावसायिक संघात त्यांना जागा मिळाली आणि १८८८ मध्ये ते नॅशनल लीगच्या वॉशिंग्टन संघात दाखल झाले. उंचीने ठेंगणे, डाव्या हाताने फलंदाजी करणारे आणि उजव्या हाताने चेंडू फेकणारे असे हे खेळाडू. त्यातली डाव्या हाताने फलंदाजी करण्याची गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येते.

ऑशकॉशचे पहिले वर्ष त्यांना फार अवघड गेले. त्याचे कारण मला पुस्तकातून समजावून घ्यावे लागले नाही, कारण ते मी रोज वर्गात पाहत होते. ऐकू येणारे मूल वहीत लिहिता लिहिता बाईंचे बोलणे ऐकते. कर्णबधिर मुलाने वहीकडे पाहिले की बाईंचे बोलणे त्याच्यापुरते संपते, आणि बाईंच्या ओठांकडे किंवा हातांकडे पाहिले की वही संपते. नवीन शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत राहतात आणि मागे तीस मुले हरवलेली असतात. त्या मुलांची समज कमी नसते. दोन कामांसाठी त्यांच्याकडे एकच खिडकी असते, एवढेच.

आता हॉय यांची अडचण पाहावी. बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, टाकलेला आणि फलंदाजाने न मारलेला प्रत्येक चेंडू योग्य पट्ट्यात होता की बाहेर, म्हणजे ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’, हे फलंदाजाच्या पाठीमागे उभा असलेला अंपायर जाहीर करतो. त्या काळी तो फक्त तोंडाने ओरडून सांगत असे. किती स्ट्राइक झाले आणि किती बॉल झाले यावर पुढचा चेंडू कसा खेळायचा हे ठरते. तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद असतो, त्यामुळे हिशेब चुकला तर सगळेच चुकते. हॉय यांना तो हिशेब कळण्यासाठी प्रत्येक चेंडूनंतर मान मागे वळवून अंपायरकडे पाहावे लागे. ते मागे वळलेले दिसताच समोरचा पिचर पुढचा चेंडू घाईने टाकून मोकळा होई. मान पुढे येईपर्यंत चेंडू अंगावर आलेला असे.

यावर तोडगा निघाला तो ऑशकॉशलाच. तिसऱ्या बेसजवळ (धावपटूने क्रमाने गाठायच्या चार ठाण्यांपैकी तिसऱ्याजवळ) उभ्या राहणाऱ्या स्वतःच्या संघाच्या कोचने हाताने खूण करायची ठरले : उजवा हात वर झाला की स्ट्राइक, डावा हात वर झाला की बॉल. इथे डाव्या हाताच्या फलंदाजीचा संबंध येतो. डावखुरा फलंदाज होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजीच्या जागेवरच्या पाटीच्या, पहिल्या बेसकडच्या बाजूला उभा राहतो आणि त्याची छाती तिसऱ्या बेसच्या दिशेला असते. म्हणजे कोच त्याला मान न वळवता, केवळ डोळे हलवून दिसतो, आणि पिचरही नजरेच्या टप्प्यातून सुटत नाही. वर्गात मुलांना अर्धगोलात बसवून, उजेड स्वतःच्या तोंडावर येईल असे उभे राहायचे, ही आमची पहिली शिकवण असते. त्याच जातीची ही व्यवस्था होती. दुसऱ्या हंगामात, १८८७ मध्ये, फ्रँक सेली यांच्या हाताखाली ऑशकॉशने नॉर्थवेस्टर्न लीगचे विजेतेपद मिळवले आणि हॉय यांची फलंदाजी कितीतरी सुधारली. सेली आज आपल्याच हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

मला सर्वांत अधिक थांबवले ते एका आकड्याने. १८९१ मध्ये अमेरिकन असोसिएशनमध्ये आणि १९०१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक वॉक मिळवणारे फलंदाज हॉय होते. वॉक म्हणजे पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकल्यावर फलंदाजाला मिळणारा पहिला बेस (हॉय आले त्या १८८८ च्या हंगामात चार नव्हे, पाच चेंडू लागत). वॉक मिळवायला चेंडू पारखावा लागतो, मोहाला आवर घालावा लागतो आणि हिशेब अचूक ठाऊक असावा लागतो. ज्याला तो हिशेब कानांनी कधी कळलाच नाही, त्या माणसाने दहा वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या लीगमध्ये या कलेत सर्वांना मागे टाकले. दुसऱ्या वेळी ते ३९ वर्षांचे होते आणि त्यांच्या शिकागो संघाने त्याच वर्षी अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले. 

फलंदाजीपेक्षाही त्यांची खरी जागा सेंटर फील्ड ही होती, आणि नेमकी तीच जागा कर्णबधिर माणसासाठी सर्वांत धोक्याची. उंच उडालेला चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मध्ये पडू लागला की दोघेही वर पाहत धावत असतात. कोण घेणार हे केवळ आवाजाने ठरते. आवाज ऐकू न येणारा माणूस मधोमध उभा असेल तर डावीकडचा, उजवीकडचा आणि आतले दोघे, असे चौघेजण त्याच्यावर येऊन आदळू शकतात. हॉय यांनी याबाबत आपल्या सहकाऱ्यांना लेखी सूचना दिली होती. तिचा आशय असा : मी चेंडू घेणार असेन तेव्हा मी ओरडेन, म्हणजे तुम्ही बाजूला व्हा, माझे ओरडणे ऐकू आले नाही तर मी चेंडूमागे नाही असे समजा आणि तुमचे तुम्ही पाहा. १९०२ मध्ये सिनसिनाटीत त्यांच्या शेजारी राइट फील्डला खेळलेले सॅम क्रॉफर्ड, जे पुढे आपल्याच हॉल ऑफ फेममध्ये आले, त्यांनी म्हातारपणी आठवण सांगितली आहे की हॉय घशातून एक चमत्कारिक आवाज काढत आणि तो ऐकला की दुसऱ्याने हात आखडता घ्यायचा, एवढे पुरे होई.

या सूचनेची रचना शिक्षिका म्हणून मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. जे काम आपल्याला जमणार नाही, म्हणजे दुसऱ्याचे ऐकणे, ते त्यांनी मागितलेच नाही. आपल्याला जमेल ते, म्हणजे आवाज काढणे, स्वतःकडे घेतले आणि ऐकण्याची जबाबदारी ऐकू येणाऱ्यांवर टाकली. याचा सरळ अर्थ असा की मध्य मैदानात कोणता चेंडू कोणाचा, याचा निर्णय प्रत्येक वेळी हॉय यांच्याकडे राहिला. संघातला एकमेव बहिरा खेळाडू हा त्या मैदानाचा म्होरक्या होता.

आणि तो अधिकार त्यांनी निभावला. १९ जून १८८९ रोजी इंडियानापोलिसविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी मैदानातून थेट होम प्लेटवर चेंडू फेकून तीन धावपटूंना बाद केले. त्या तिन्ही फेकी झेलणारे कॅचर होते कॉनी मॅक, पुढे पन्नास वर्षे फिलाडेल्फियाचा संघ चालवणारे कॉनी मॅक. पुढच्याच वर्षी खेळाडूंनी क्लबमालकांविरुद्ध उभारलेल्या प्लेयर्स लीगमध्ये बफेलोच्या संघात हे दोघे एकत्रच गेले. लुईव्हिलला १८९८ आणि १८९९ मध्ये शेजारी लेफ्ट फील्डला फ्रेड क्लार्क असत आणि संघात तरुण होनस वॅग्नर; हे दोघेही पुढे आपल्याच हॉल ऑफ फेममध्ये आले. निवृत्तीच्या वेळी सेंटर फील्डवर सर्वाधिक सामने खेळल्याचा विक्रम हॉय यांच्या नावावर होता आणि तो १९२० पर्यंत अबाधित राहिला. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मागच्या मैदानात, फलंदाज बाद करण्याचा त्यांचा आकडा चार हजारांच्या घरात जातो. सेंट लुईसमधल्या त्यांच्या एका झेलाविषयी त्या काळच्या वृत्तपत्रात अशी नोंद आहे की सगळे प्रेक्षक उभे राहिले आणि टोप्या व हात हवेत हलवू लागले, कारण टाळ्या त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते.

त्यांच्या घराविषयीची एक आठवण सांगतात, ती इथे देते. हॉय यांच्या पत्नी ॲना मारिया लाउरी याही कर्णबधिर होत्या. त्यांच्या दाराशी घंटेऐवजी एक मूठ होती. ती ओढली की आत शिशाचा एक जड गोळा लाकडी पन्हळीतून घरंगळत येऊन धप्पदिशी जमिनीवर आदळे, आणि त्या हादऱ्याने दाराशी कोणी आले आहे हे नवरा-बायकोला पायांतून कळे. आमच्या शाळेत वर्गातल्या लाकडी मंचावर टाच आपटली की तीस माना एकदम वर होत. ही आठवण वाचली तेव्हा तो मंच आठवला आणि हे घर मला परके वाटेनासे झाले.

आता गुणवत्तेच्या हिशेबाकडे येते, कारण आपल्या समितीला तोच पाहावा लागतो. सुमारे अठराशे सामने, दोन हजारांहून अधिक हिट्स (फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके), चौदाशेहून अधिक धावा, हजाराच्या आसपास वॉक आणि सहाशेच्या जवळ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता पळून गाठलेले पुढचे बेस) ही हॉय यांची कमाई आहे. पदार्पणाच्या हंगामातच ८२ बेस चोरून त्यांनी नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. १८९८ पूर्वी सहकाऱ्याच्या हिटवर जास्तीचा बेस पळून घेतला तरी तो चोरीत धरला जाई, त्यामुळे हे आकडे आजच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. पण त्यांच्या पिढीच्या सर्वांना तोच नियम लागू होता. आपल्या सभागृहात १९४६ पासून असलेले त्याच काळातले आउटफिल्डर टॉमी मॅकार्थी यांच्याशी त्यांची तुलना करून पाहावी. मॅकार्थी सुमारे पावणेतेराशे सामने खेळले आणि त्यांच्या हिट्स पंधराशेच्या आसपास आहेत. हॉय त्यांच्यापेक्षा पाचशे सामने अधिक खेळले, पाचशेहून अधिक हिट्स त्यांनी जास्त मिळवल्या आणि बेसही जास्त चोरले. शंभर वेळा फलंदाजीला आल्यावर मॅकार्थी छत्तीसच्या आसपास वेळा बेसवर पोचत, तर हॉय अडतीस-एकोणचाळीस वेळा. मॅकार्थी डावपेचांसाठी नावाजलेले होते आणि त्यांच्या निवडीला तेही कारण होते, हे मला मान्य आहे. मात्र डावपेच हा निकष धरला तर मध्य मैदानातली हॉय यांची ती लेखी सूचना आणि तिसऱ्या बेसवरची ती खूण यांना काय म्हणावे, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारावा.

विरुद्ध बाजूही मांडते. हॉय लांब टोले मारणारे नव्हते. कारकिर्दीत त्यांचे होम रन चाळीसच्या आसपास आहेत. त्यांच्या चुकांची संख्याही मोठी आहे, जरी त्या काळचे हातमोजे आणि मैदाने पाहता ती प्रत्येकच आउटफिल्डरची मोठी होती. फलंदाज म्हणून ते समकालीनांच्या सरासरीपेक्षा चांगले होते, अद्वितीय नव्हते. केवळ फलंदाजीचा तक्ता समोर ठेवून कोणी त्यांच्या विरोधात मत दिले तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही. सेंटर फील्डचे काम, बेसवरचे पळणे, चौदा हंगामांचे सातत्य आणि चेंडू पारखण्याची नजर हे सगळे एकत्र ठेवून मत द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मत देण्याची वेळ यायला आधी नाव मतपत्रिकेवर असावे लागते. डिसेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवरच्या आठ नावांपैकी एकही माणूस एकोणिसाव्या शतकात खेळलेला नव्हता. त्या शतकातले मेजर लीगचे खेळाडू म्हणून आपल्याकडे आलेले शेवटचे नाव डिकन व्हाइट यांचे, आणि ते २०१३ मध्ये. १९७९ पर्यंतचा सगळा काळ एकाच मतपत्रिकेत कोंबल्यावर ज्यांना पाहिलेला एकही माणूस हयात नाही, ते सर्वांत आधी गळतात, हे स्वाभाविक आहे. ऐतिहासिक आढावा समिती हे नाव आपण धारण केले आहे म्हणून ही गळती थांबवण्याची अपेक्षा मी आपल्याकडून करते.

हॉय यांच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक एका गोष्टीवर भर देतात, आणि तिच्याबाबत मी त्यांच्यापासून वेगळी उभी आहे. अंपायर आज स्ट्राइकला उजवा हात झटकतो ती खूण हॉय यांच्यामुळे सुरू झाली, असे सर्वत्र सांगितले जाते. आपल्या सभागृहातला अंपायर बिल क्लेम यांचा फलक मात्र हाताच्या खुणांचे श्रेय क्लेम यांना देतो. क्लेम नॅशनल लीगमध्ये १९०५ मध्ये आले, म्हणजे हॉय यांची मेजर लीगमधली कारकीर्द संपल्यानंतर. मग वाद सुरू होतो : कोण पहिला, कोणाचे पाहून कोण शिकले, कोणत्या वर्षीच्या वृत्तपत्रात काय छापले आहे. हॉय यांनी स्वतः जे सांगितले त्यात खूण करणारा त्यांचा कोच आहे, अंपायर नव्हे. त्यांच्या आधी मेजर लीगमध्ये खेळलेले, त्याच कोलंबसच्या शाळेत शिकलेले पहिले कर्णबधिर खेळाडू एड डंडन यांनीही १८८६ मध्ये एका सामन्यात अंपायर म्हणून हातांनी निर्णय दिल्याची नोंद आहे. बहिऱ्या माणसाच्या गरजेतून बेसबॉलमध्ये हातांची भाषा आली, असा तर्क मला मनापासून पटतो. पण तो तर्क आहे, आणि जे सिद्ध होत नाही त्यावर निवडीचा अर्ज उभा करू नये. वर्षानुवर्षे हॉय यांच्याविषयीची चर्चा या एकाच मुद्द्यावर अडकली आणि खुणेचे श्रेय अनिर्णित राहिले म्हणून त्यांचे नावही अनिर्णित राहिले. मध्य मैदानात त्यांनी काढलेली वर्षे मात्र कोणाच्याही वादात नाहीत. ती समितीपुढे असावीत.

एका सामन्याविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. १६ मे १९०२ रोजी सिनसिनाटीच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सच्या बाजूने पिचर होते ल्यूथर टेलर. तेही कर्णबधिर. मेजर लीगमध्ये दोन कर्णबधिर खेळाडू समोरासमोर आल्याची ती पहिली वेळ होती. फलंदाजीला येताना चाळिशीला टेकलेल्या हॉय यांनी हातांनीच टेलर यांना, भेटून आनंद झाला, असे सांगितले आणि मग त्या दिवशी त्यांच्या गोलंदाजीवर दोन हिट्स मिळवल्या. हजारो प्रेक्षकांसमोर, सामना चालू असताना, दोन माणसे आपल्या भाषेत मोकळेपणाने बोलली.

हा सामना कोणत्या काळात झाला हे आपल्या लक्षात आणून द्यायचे आहे. हॉय कोलंबसच्या शाळेतून बाहेर पडले त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८८० मध्ये, मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करून फक्त ओठवाचन आणि बोलणे शिकवावे, असा ठराव केला. युरोप-अमेरिकेतल्या शाळाशाळांतून मुलांचे हात थांबवले गेले. ते लोण आमच्याकडेही आले आणि फार काळ टिकले. मी नोकरीला लागले त्या शाळेत, तिचे नाव इथे नको, मुलांनी तासाला हात मांडीखाली घेऊन बसावे असा दंडक होता. बोलायला शिकतील तर जगात निभावतील, असे आम्हाला सांगितले जाई आणि आम्ही ते मुलांना सांगत असू. पहिली सात-आठ वर्षे मीही तो दंडक पाळला, पाळायला लावला. मधल्या सुट्टीत मैदानावर तीच मुले हातांनी इतके भराभर बोलत की मला त्यातले काही कळत नसे, आणि त्यांना काहीच येत नाही असे मी त्यांच्या प्रगतिपुस्तकावर लिहीत असे. त्यातले शेरे मला आज पुसता येत नाहीत. म्हणूनच, ज्या वर्षांत मोठमोठे शिक्षणतज्ज्ञ त्या भाषेला अडथळा ठरवत होते, त्याच वर्षांत तिच्याच बळावर शिकलेला एक माणूस जगातल्या सर्वांत कसदार लीगमध्ये सेंटर फील्ड सांभाळत होता, हे मला आधी माहीत असायला हवे होते, असे वाटत राहते.

निवड झाल्यास फलकावर नाव कोणते असावे, याबाबतही लिहिते. त्या काळी कर्णबधिर खेळाडूला सर्रास ‘डमी’, म्हणजे मुका, असे टोपणनाव चिकटवले जाई. हॉय यांना, टेलर यांना, डंडन यांनाही ते चिकटले. हॉय यांनी ते तक्रार न करता स्वीकारले, इतकेच नव्हे तर आपल्याला त्याच नावाने ओळखावे असेही ते म्हणत. त्यांचा शब्द मी खोडून काढू शकत नाही. मात्र तो शब्द त्यांच्या काळात ज्या अर्थाने उच्चारला जाई त्याच अर्थाने तो आज राहिलेला नाही; आमच्याकडेही शाळांच्या पाट्यांवर ‘मूकबधिर’ हा शब्द वर्षानुवर्षे होता आणि ती मुले मुकी नाहीत हे कळल्यावर तो हळूहळू उतरवला गेला. फलकावर मोठ्या अक्षरांत विल्यम एल्सवर्थ हॉय हे नाव असावे आणि टोपणनावाचा उल्लेख, इतिहास म्हणून, खालच्या मजकुरात यावा. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाने आपल्या बेसबॉल मैदानाला नाव दिले तेव्हा ‘हॉय फील्ड’ एवढेच दिले. त्या विद्यापीठाहून अधिक अधिकाराने या बाबतीत कोणी बोलू शकेल असे मला वाटत नाही.

१९०३ मध्ये लॉस एंजेलिसला पॅसिफिक कोस्ट लीगचा एक हंगाम खेळून हॉय थांबले. सिनसिनाटीजवळ माउंट हेल्दी इथे त्यांनी दुधाचा धंदा केला, पुढे ॲक्रनला गुडइयर कंपनीत शेकडो कर्णबधिर कामगारांची देखरेख केली. त्यांचा मुलगा कार्सन न्यायाधीश झाला. ७ ऑक्टोबर १९६१ रोजी सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर यांकीज आणि रेड्स यांच्यात वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना होता. पहिला मानाचा चेंडू टाकण्यासाठी ९९ वर्षांच्या हॉय यांना बोलावले होते. त्यांनी तो टाकला. १५ डिसेंबरला ते गेले. त्यांच्या हयातीत आपले सभागृह २२ वर्षे उघडे होते.

पत्राच्या इंग्रजी प्रतीसोबत हॉय यांच्या चौदा हंगामांचा तक्ता, मॅकार्थी यांच्याशी केलेली तुलना आणि १९ जून १८८९ व १६ मे १९०२ या दोन सामन्यांची टिपणे जोडली आहेत. आठ नावांची यादी ठरवताना ती कागदपत्रे सदस्यांच्या समोर ठेवावीत आणि त्यात एकही आकडा चुकला असल्यास मला कळवावे, ही विनंती. दुरुस्त प्रत ताबडतोब पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
पुणे